कोरडा फोटो

मॉन्ट्रियल, ३ फेब्रुवारी २०२३

खमीस,

सलाम. अक्षर ओळखलं नसशील तर चष्मा लाव. मी शुक्री. सहा वर्षांत मी पत्र लिहिलं नाही आणि तूही नाही, तेव्हा बोल कोणी कोणाला लावायचा ते पुढे कधीतरी ठरवू. आज काम आहे म्हणून लिहितोय. आयुष्य औषधाच्या दुकानात गेलेला माणूस मी, आधी पुडी देतो, गप्पा नंतर.

समीहा विसरायला लागली आहे. आधी चष्मा आणि किल्ल्या, मग नातवंडांची नावं. आता कधीकधी मी. सकाळी मला डॉक्टर समजते आणि पदर सावरावा तशी शाल सावरून अदबीने उठून बसते. पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जात नाही. रोज दुपारी चार वाजता ती कोट घालते, पर्स घेते, दाराशी उभी राहते. त्या वेळी मात्र मी शुक्रीच असतो. म्हणते, "ऊठ शुक्री, खमीसच्या टपरीवर जायचंय. फोटो झाला असेल तयार."

कुठला फोटो ते तुला सांगायला नको. १९७५चा ऑगस्ट, आमच्या लग्नानंतरचा पहिला शुक्रवार, अनफूशीच्या किनाऱ्यावरचा कठडा, मागे किल्ला. तू आम्हाला उभं केलंस. "हसा, हसायला अजून परवाना लागत नाही," म्हणालास. फोटो काढलास, गुलाबी तिकीट फाडून दिलंस, रविवारी न्यायला या म्हणालास. शनिवारीच आम्ही कैरोला गेलो, तिथून कुवेत आणि पुढे इथे. न्यायचा राहिला तो राहिलाच. मधे दोनदा अलेक्झांड्रियाला आलो तेव्हा विचारलं होतं, तर तू दोन्ही वेळा उत्तर द्यायचं सोडून मासे तळायला घेतलेस.

ते तिकीट तिने जपून ठेवलंय. नंबर ४१८. मुठीत धरून बसते, कोणाला देत नाही.

तू काही फेकणारा माणूस नव्हेस. निगेटिव्ह असेल तर काढ आणि एक प्रत पाठव. उशीर करू नकोस. तुझं नाव तिच्याजवळ अजून आहे, पण किती दिवस राहील ते मी सांगू शकत नाही. तिच्या हातात तो फोटो एकदा पडावा, एवढंच मला हवं आहे.

तुझा,
शुक्री


अलेक्झांड्रिया, १ मार्च २०२३

मित्रा शुक्री,

तुझं पत्र टपालवाल्याने वरच्या मजल्यावरच्या इन्साफबाईंच्या हाती दिलं आणि त्यांनी ते जिन्यातूनच गल्लीला जाहीर केलं. "उस्ता खमीस, तुम्हाला कॅनडातून पत्र आलंय. कोणी मेलं असेल तर बसून वाचा." विधवा बाई, मनाने चांगली, आवाजाने सार्वजनिक.

मी बसूनच वाचलं. मग बराच वेळ बाल्कनीत होतो. इथून समुद्र आता दिसत नाही, मधे अकरा मजले उभे राहिले. पण चारच्या सुमाराला वारा वळतो, आणि ओल्या जाळ्यांचा वास इमारतीला वळसा घालून माझ्यापर्यंत येतो. आज तो आला तेव्हा वाटलं, समीहाच्या कोटाची वेळ झाली.

बशंदी मास्तरांनी पाचवीत पाठ करून घेतलेली कविता आठवते तुला? छडी मेजावर आपटत ताल द्यायचे.

नांगर उचलला गलबताने, काठ तिथेच उभा राहिला;
जाणाऱ्याला वारा मिळतो, राहणाऱ्याला...

पुढचा शब्द गेला. आठ दिवस शोधतोय. हिशेबाच्या तासाला मी बाहेर उभा असायचो, पण कवितेच्या तासाला पहिल्या बाकावर, हे तू खोटं म्हणू शकणार नाहीस.

समीहा आमच्या मालकाच्या, ख्वाजा स्तावरोच्या, स्टुडिओत मागच्या खोलीत बसायची ते मला काल घडल्यासारखं दिसतं. मी दिवसभर किनाऱ्यावर फिरून लोकांचे चेहरे गोळा करून आणायचो, धुवायचो, वाळवायचो आणि तिच्यापुढे ठेवायचो. ती त्या काळ्यापांढऱ्यात रंग भरायची. कोणी असो, जकातीचा शिपाई असो की नवरी, सर्वांत आधी दोन्ही गालांवर गुलाबी. मी म्हणायचो, "अगं, हा काविळीतून उठलाय." ती मान वर न करता म्हणायची, "मग याला जरा जास्तच हवा."

आणि खिळा? गिऱ्हाइकाने टपरीवर येऊन फोटो नेला की तिकीट परत घ्यायचं आणि खिळ्यावर टोचायचं. टोचलं की सुटलो, त्या चेहऱ्याचं आपल्यावर काही राहिलं नाही. नगरपालिकेने टपरी उचलली तेव्हा मी खिळा पाटीसकट उपटून घरी आणला. तुझं पत्र वाचून पाहिलं. ४१७ आहे, ४१९ आहे.

निगेटिव्ह शोधतो. डबे पुष्कळ आहेत, हवा दमट, थोडा धीर धर. तोवर असं करतो, त्या जागेचाच एक फोटो काढून पाठवतो. कठडा, समुद्र, किल्ला. कदाचित तो पाहून तिचं मन शांत होईल.

तुझा,
खमीस


मॉन्ट्रियल, २२ मार्च २०२३

खमीस,

राहणाऱ्याला घरभाडं भरावं लागतं, असा तो शब्द असणार. मास्तर स्वतः भाड्याच्या खोलीत राहायचे.

चार पानी पत्रात कविता आली, मासळीचा वास आला, खिळा आला. निगेटिव्हवर दीड ओळ. तुम्ही धंदेवाले लोक, एक बोलता आणि दुसरं करता. मला आठवतं, खलाशी फार मागे लागले की तुम्ही त्यांचे कोरडे फोटो काढायचात. कॅमेरा रिकामा, नुसता खटका, वर ऐटीत तिकीट. दुसऱ्या दिवशी जहाज सुटायचं, न्यायला येतोय कोण? फिल्म मिळायची मारामार, तेव्हा तसं करावं लागे, हे मी समजू शकतो. मी आपला रविवारचा हौशी. माझ्या बारा फोटोंत तीन बरे यायचे, पण कोरडा एकही नसायचा.

इथे उद्यापासून रमजान. समीहाला रोजा सांगितलेला नाही, पण ती आत्तापासूनच सूर्य मावळेपर्यंत पाणी पीत नाही. शरीर विसरत नाही. काल चारला बर्फ पडत होता. तिला दारातून मागे आणलं तर म्हणाली, "तू रोज उद्या म्हणतोस. तो टपरी बंद करून जाईल." मी पुन्हा उद्या म्हणालो.

शोधलंस का? असेल तर असेल म्हण, नसेल तर नाही म्हण.

शुक्री


अलेक्झांड्रिया, २ मे २०२३

शुक्री,

ईद झाल्यावर तुझं पत्र मिळालं, म्हणून उशीर. तुम्हा सगळ्यांना मागाहूनची ईद मुबारक.

डबे अजून उघडतोच आहे. दरम्यान त्या जागेचा फोटो काढायला गेलो त्याची हकिगत ऐक.

माझा जुना जर्मन कॅमेरा पुसून तेल घालून तयार केला. नवी फिल्म मिळवायला दोन आठवडे गेले, हल्ली ती औषधासारखी मागवावी लागते. आता हात कापतो, म्हणून तीन पायांचा स्टँड घेतला. कोट घातला आणि दंडावर पितळी बिल्ला लावला, 'फिरता छायाचित्रकार, अलेक्झांड्रिया'. तो लावून मी गल्लीतून निघालो की पूर्वी पोरीबाळी केस सारखे करायच्या. या वेळी फक्त इन्साफबाई बघत होत्या. म्हणाल्या, "उस्ता, लग्न कोणाचं?"

तुला सांगितलं तर खोटं वाटेल, कठड्यापर्यंत आता रस्ता नाही. ओळीने कॅफे झाले आहेत. समुद्र त्यांच्या पाठीमागे, आपण रस्त्यावरून खुर्च्यांच्या पाठी बघायच्या. आपण जिथे पाय सोडून तिरमिसचे खारवलेले दाणे खायचो तिथे आत जायला काचेचं दार आणि दाराशी काळ्या सदऱ्यातला एक धिप्पाड तरुण. त्याने स्टँडकडे पाहिलं.

"हाजी, फोटोग्राफर का?"

"पन्नास वर्षं," मी छाती काढून म्हणालो.

"मग नाही सोडता येणार. हौशी असता तर सोडलं असतं."

मी त्याला समजावलं की मला लोकांचे नाही, नुसत्या दगडाचे फोटो हवेत. "त्या कठड्याला मी तू जन्मायच्या आधीपासून ओळखतो," म्हणालो. तो उद्धट नव्हता. म्हणाला, "मग भेटून या ना त्याला, चहा घ्या. कॅमेरा माझ्याजवळ ठेवा."

आत एक नवरानवरी होती, त्यांचे फोटो काढणारे चार जण, छत्र्या, दिवे, पंखा. त्यांनी कॅफेशी आधी बोलून ठेवलेलं. बाकी सगळी माणसं मोबाईल उंच धरून समुद्राचे, बशीतल्या माशांचे, स्वतःचे फोटो काढत होती. त्यांना कोणी विचारत नव्हतं. दारातल्या एका मुलीला माझा कोट आणि बिल्ला आवडला असावा, तिने माझाच फोटो काढला आणि मैत्रिणीला दाखवून हसली. मला तिने विचारलं नाही. मला राग आला नाही रे, नवल वाटलं. पूर्वी कॅमेरा बघून लोक सरळ उभे राहायचे, टोपी नीट करायचे. आपण एकमेकांशी काहीतरी गंभीर करतो आहोत अशी दोन्हीकडे जाणीव असायची. आता माझ्याकडे लोक सुरी घेऊन आलेल्या माणसासारखं बघतात आणि ज्याच्या हातात खरोखर सगळ्यांचे चेहरे जातात त्याच्याकडे बघतही नाहीत.

कोरड्या फोटोंचं म्हणशील तर काढले, कबूल. खलाशांचं वेगळं, मित्राचं वेगळं.

बोटी बांधतात त्या बाजूने एक उतार आहे. पुढच्या आठवड्यात तिथून जाईन.

तुझा,
खमीस


अलेक्झांड्रिया, २५ मे २०२३

शुक्री,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहितो. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही अशातला प्रकार आहे.

सोमवारी बोटींच्या उतारावरून गेलो. सुतारांनी ओळखलं, वाट दिली, एकाने स्टँडच्या पायाखाली फळी सरकवली. कठड्याचा तोच तुकडा समोर होता. कोपऱ्याचा दगड उडालाय, पण तोच. चार वाजले होते, ऊन पाठीशी, किल्ला मधासारखा पिवळा. मी डोळा लावला, आणि खरं सांगतो, त्या चौकटीत मला तुम्ही दोघं उभी दिसलात.

एवढ्यात मागून एक बाई ओरडली की हा म्हातारा माझ्या मुलींचे फोटो काढतोय. मुली पाण्यात होत्या, माझ्या चौकटीत नव्हत्याही. माणसं जमली. एक म्हणाला, हा हेर असणार, पलीकडे आरमाराची इमारत आहे. दुसरा म्हणाला, "नाही हो, मी ओळखतो यांना, माझ्या आईबापाचा फोटो यांनी काढलेला." पहिला म्हणाला, "म्हणजे तेव्हापासून हेर." लोक हसले, पण मला सोडलं नाही. त्या बाईचंही काय चुकलं? हल्ली कोणाचा चेहरा कुठे जाऊन पोचेल याचा भरवसा नाही. माझ्या काळी फोटो जास्तीत जास्त आजीच्या कपाटापर्यंत जायचा.

चौकीतला अधिकारी तरुण होता, सभ्य होता, चहा दिला. त्याच्यापुढे छापील कागद. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "हौशी की धंदेवाईक?"

मी बिल्ला काढून मेजावर ठेवला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, विकणार का, त्याच्या सासऱ्यांना जुन्या वस्तूंचा नाद आहे. मग समजावून सांगितलं, की हाजी, असा वर्गच आता यादीत नाही. धंदेवाईक असाल तर कंपनीचं पत्र आणि परवाना लागतो. हौशी असाल तर हे असलं सामान कशाला? मोबाईलने काढा, कोणी हटकणार नाही. कागदावर मग त्याने काहीच खूण केली नाही. मी दोन्हींतला नाही.

मला सोडायच्या आधी फिल्म द्यावी लागेल म्हणाला. शिपायाला कॅमेरा नीट उघडता येईना, म्हणून मीच कळ दाखवली. त्याने पाठ उघडली आणि फिल्म ओढली. सापाच्या कातेसारखी ती उजेडात लोंबत राहिली. तीन फोटो होते. गेले.

शुक्री, या वेळी कॅमेऱ्यात फिल्म होती.

तेव्हा नव्हती.

डबे शोधतोय असं मी तुला लिहीत गेलो, ते खोटं. ४१८ नंबरचं निगेटिव्ह कुठल्याच डब्यात नाही, कधीच नव्हतं. त्या शुक्रवारी नवी फिल्म माझ्या खिशात होती, मी भरली नाही. तुला मी खलाशी केलं.

का, ते तुला माहीत नाही आणि माझ्या तोंडून कधी कळू नये असं ठरवून मी इतकी वर्षं मासे तळले. तीन वर्षं मी तिच्यापुढे गावभराचे चेहरे ठेवत होतो, आणि त्यात एकदा आपला ठेवावा, म्हणावं याला रंग भर, एवढं धाडस रोज उद्यावर गेलं. तू एका संध्याकाळी तिच्या बापाकडे जाऊन बोलून मोकळा झालास. त्यात तुझं काही चुकलं नाही. पण मला तो फोटो धुवायचा होता, शुक्री. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली एकट्याने उभं राहून, पाण्यातून तुम्ही दोघं हळूहळू वर येताना बघायचं, आधी तिचे केस, मग डोळे, मग तुझा हात तिच्या खांद्यावर. ते माझ्याने झालं नसतं. म्हणून खटका दाबला आणि तिकीट दिलं.

आता ती ते तिकीट मुठीत धरून माझ्या टपरीवर यायला निघते. रोज चार वाजता.

तिला काय सांगायचं ते तू ठरव. मला पत्र लिहू नयेस असं वाटलं तर मी समजेन.

खमीस


मॉन्ट्रियल, १४ जून २०२३

खमीस,

मी हौशी होतो, गाढव नव्हतो.

तुझ्यासारखाच कॅमेरा मी माझ्या पहिल्या पगारातून घेतला होता, विसरलास? फिल्म भरलेली असली की ती पुढे सरकवायची दांडी ओढताना डावीकडची घुंडी फिरते. तू तिकीट लिहीत होतास, मी तुझ्या खांद्याशी उभा होतो, सवयीने तुझ्या अंगठ्याने दांडी ओढली. घुंडी जागची हलली नाही. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं. तू नंबर लिहिण्यात फार गुंग होतास. तीन आकडे लिहायला माणसाला इतका वेळ लागत नाही.

तेव्हाच कळलं. त्याआधी अंदाज होता, सगळ्या गल्लीला होता. तिला होता की नाही, मी कधी विचारलं नाही. नवऱ्याने काही प्रश्न कोरडे सोडावेत.

मग तुला निगेटिव्ह का मागत बसलो, म्हणशील. आधी वाटलं, कदाचित मी चुकलो असेन, घुंडी नीट पाहिली नसेन. माणूस म्हातारपणी असल्या आशा धरतो. मग वाटलं, याने एकदा खरं सांगावं. मला तुझी कबुली नको होती. पण रोज चारला मी तिला खोटं सांगतो, आणि तूही मला खोटं लिहीत राहिलास तर या घरात खरं म्हणून काही उरणार नाही.

मी तिला घेऊन गेलो, तू फोटो दिला नाहीस. फिट्टंफाट. यावर पुन्हा लिहू नकोस.

आता कामाचं. मागच्या आठवड्यात तिने तिकीट माझ्यापुढे धरून विचारलं, "हे कशाचं?" पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाली, "खमीसचं." म्हणजे वेळ आहे, पण फार नाही.

तू म्हणाला होतास त्या जागेचा फोटो पाठवतो. पाठव. कोणाचा तरी मोबाईल घे. दारवानाने विचारलं तर सांग, हौशी आहे. तुला त्या शब्दाची लाज वाटते, मला माहीत आहे. माझ्या फोटोंना तू 'रविवारची पुरळ' म्हणायचास. मी जन्मभर तोच होतो, मेलो नाही.

शुक्री


अलेक्झांड्रिया, १० जुलै २०२३

शुक्री,

तुझं पत्र मी इन्साफबाईंना वाचून दाखवलं नाही, पण त्यांनी माझं तोंड वाचलं. म्हणाल्या, "रडून झालं असेल तर काय मदत हवी ते बोला." मी त्यांचा मोबाईल मागितला. त्या म्हणाल्या, मोबाईल एकटा जात नाही, मी बरोबर येणार.

गेलो गुरुवारी. कोट नाही, बिल्ला नाही. सपाता आणि घरचा सदरा. काचेच्या दाराशी तोच तरुण. मला ओळखून हसला.

"हाजी, आज काय?"

"हौशी आहे, बेटा," मी म्हणालो.

त्याने दार उघडून धरलं. एवढंच होतं रे ते. तो शब्द तोंडातून गेला, तोवर मी आत होतो. इन्साफबाई मागून त्याला सांगत होत्या, "खरंच हौशी आहेत, जेवणसुद्धा स्वतः करतात."

पन्नास वर्षं मी डोळा लावून फोटो काढले. डोळ्याला चौकट टेकली की बाकीचं जग बंद होतं. हा मोबाईल हातभर लांब धरायचा, म्हणजे जग सगळीकडून आत येतं. पाठीशी ऊन, काचेवर चकाकी, मला त्यात माझं नाक सोडून काही दिसेना. "उस्ता, त्या गोलावर बोट ठेवा. दाबू नका, ते काय लिंबू आहे?" मी अंदाजाने रोखलं आणि टेकवलं. एकदाच. दुसरा काढावासा वाटला नाही.

बाजारात छापून घेतला. दुकानातच पाकिटातून काढला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. कठडा आहे, किल्ला आहे, समुद्र बरा आलाय. पण तुम्ही जिथे उभी होतात, बरोबर तिथे, दगडावर माझी सावली पडली आहे. डोकं, खांदे, पुढे धरलेले दोन हात. पहिल्या आठवड्यात ख्वाजा स्तावरो हीच चूक दाखवून कानाखाली मारायचा. त्यानंतर आयुष्यात केली नव्हती, ती आता केली. अगदी हौशी चूक.

दुसरा काढायला परत जाणार होतो. पण तुझं वाक्य आठवलं, वेळ फार नाही. आहे तसा पाठवतो. तिला म्हणावं, खमीसचा हात आता गेला. नाहीतर काहीच म्हणू नकोस.

कवितेतला शब्द अजून सापडलेला नाही.

तुझा,
खमीस


मॉन्ट्रियल, ६ ऑगस्ट २०२३

खमीस,

फोटो मंगळवारी आला. चार वाजेपर्यंत मी तो टेबलाच्या खणात ठेवला. ती कोट घालून दाराशी आली तेव्हा म्हणालो, "जायला नको. त्याने घरी पाठवलाय."

तिने पाकीट स्वतः उघडलं. आधी फोटो उलटा करून मागचा शिक्का शोधला, स्टुडिओची सवय. मग सरळ केला आणि खिडकीशी नेला. मी मनात दहा उत्तरं तयार ठेवली होती. फोटोत आपण का नाही, हा तर पहिलाच प्रश्न येणार.

तिने सावलीवर बोट ठेवलं. "हा खमीस."

"कशावरून?"

"डोकं बघ, डावीकडे कललेलं. फोटो काढताना असाच उभा राहायचा." मग म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा फोटोत आला."

मी न राहवून विचारलं, "आणि आपण दोघं गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यासारखं. "आपण कसे असू? आपण गेलो ना."

नंतर तिने रंग मागितले. नातीच्या रंगपेट्या घरात असतातच. ती खुर्ची ओढून टेबलाशी बसली, पाठ ताठ, फोटो जरा तिरका धरून, मला वाटतं त्या मागच्या खोलीत बसायची तशीच. कठड्याला हात लावला नाही, समुद्राला नाही. गुलाबी पेन्सिल थुंकीने ओली केली, रंग बोटाच्या टोकावर घेतला, आणि तुझ्या सावलीच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी हलकेच लावला. सावलीला गाल नसतात, खमीस. तिने शोधून काढले. लांब धरून पाहिलं, आणि डावीकडे आणखी थोडा लावला.

आज पाच दिवस झाले. चारला ती कोट घालत नाही. खिडकीशी बसते, फोटो मांडीवर असतो. काल मला पुन्हा डॉक्टर म्हणाली, चालायचंच.

फोटोची प्रत मागू नकोस, ती तो हातातून सोडत नाही. पण मूठ उघडली आहे. काल रात्रीच्या जेवणाच्या वेळी तिकीट माझ्या ताटाशी ठेवलं आणि म्हणाली, "त्याला पोचतं कर. खिळ्यावर टोचू दे."

सोबत पाठवतो आहे. घडीवर विरलंय, जपून उघड. ४१७ आणि ४१९च्या मधे जायचं म्हणजे तुला वरची सगळी तिकिटं एकेक करून काढावी लागतील. सावकाश काढ.

तुझा,
शुक्री